शंभर किलोचा पाळणा

मी इंजिनिअर पलटणीत हवालदार होतो. नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली असताना पुराच्या कामासाठी आमची तुकडी पोलादपूरला आली. मी तिथल्याच कापडे गावचा. आपल्याच तालुक्यात वर्दीत येणं मला फारसं रुचलं नव्हतं. ओळखीची माणसं हुकूम ऐकत नाहीत, नाती काढत बसतात.

कुडपणच्या बाजूच्या एका वाडीचा ओढ्यावरचा साकव वाहून गेला होता. पलीकडे नऊ माणसं अडकलेली. त्यात एक पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. सकाळी पाणी जरा कमी होतं तेव्हा नाईक संपत कमरेला दोर बांधून पोहत पलीकडे गेला. कृष्णाकाठचा गडी, पाण्याला भ्यायचा नाही. 11:30 ला ओढ्यावर तार ताणून झाली आणि तिच्यावर माणसं ओढून आणायचा पाळणा चढला.

एरवी त्या तारेवर दोनशे किलो चाललं असतं. पण पलीकडे तारेचे खुंट ज्या मातीत ठोकले होते ती भिजून लोणी झाली होती. सुभेदार साहेबांनी लोड निम्म्यावर आणला. शंभर किलो, एका फेरीत एकच माणूस. पाळण्याचा ताबा माझ्याकडे.

13:10 ला रेडिओ सेटवर संपत बोलला. "साहेब, सासू सुनेला सोडत नाही. ओव्हर."

पहिलटकरणीला एकटीनं पाणी ओलांडू देत नाहीत, हे मला माहीत होतं. आमच्या घरीही तसंच. तेवढ्यात सासूनेच सेट घेतला.

"तू कापड्याचा ना रे? मंग तुला ठावं नाय? मी बसते तिच्याजवळ."

"दोघींचं वजन शंभरावर जातं, आजी."

"माझं कसलं वजन हाय? हाडं हायेत नुसती."

"एकच माणूस," मी म्हणालो.

तोड संपतने काढली. जादा सेट सुनेच्या मांडीवर दिला, आपला सासूच्या हातात. ओढा ओलांडेपर्यंत म्हातारी बोलत राहिली, "हाय गो, मी हाय." बटण तिने सोडलंच नाही, त्यामुळे आम्हाला सेटवर एक शब्द बोलता येईना. मला हसू आलं. सून सुखरूप पोचली. पुढच्या फेरीत सासू आली, पण तिने माझ्याकडे बघितलं नाही.

16:20 ला पलीकडे फक्त संपत उरला. त्याचं वजन अडुसष्ट. पुल्या, घण आणि ओल्या दोराचं वेटोळं मिळून पन्नासाच्या आसपास. म्हणजे दोन फेऱ्या.

"पाणी खुंटांपर्यंत आलंय. एकाच फेरीत येऊ का, साहेब? ओव्हर."

सामान टाकून ये, एवढंच म्हणायला हवं होतं. ते मला सुचलं नाही. सरकारी सामान मागे सोडायचं नाही, हे वीस वर्षं अंगात मुरलेलं.

"ये," मी म्हणालो.

पाळणा मध्यावर आला आणि पलीकडचे खुंट उपटले. संपत वर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी सापडला तेव्हा वेटोळं त्याच्या खांद्याला अडकलेलं होतं.

चौकशीत मी वजनं आणि वेळा सांगितल्या. मला शिक्षा झाली, ती योग्यच होती. म्हातारीला मी नाही म्हटलं आणि आपल्या माणसाला हो म्हटलं, याची लाज अजून वाटते.

पुढे संपतच्या घरी गेलो. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"पोहणारा होता हो तो. दोर टाकून दे म्हणून कोणी सांगितलं नाही त्याला?"

"मी सांगायला हवं होतं."

त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेले. मी संध्याकाळपर्यंत ओटीवर बसून होतो. ते बाहेर आले नाहीत.