रडत नाही म्हणून

आमच्या मळ्यात कुणाला गुणी म्हणायला लागले की माझं डोकं फिरतं. गुणी म्हणजे कुरकुर न करणारा. आणि जो कुरकुर करत नाही त्यालाच इथे सगळ्यात आधी पुढे ढकलतात. मला हे लोक वीस-बावीस वर्षं गुणी सून म्हणत आलेत, त्यामुळे मी बोलते ते अनुभवाचं आहे.

म्हसावदपासून थोडं आत आमचा मळा. दोन घरं भिंतीला भिंत लावून उभी. एक आमचं, दुसरं माझ्या जेठांचं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचं. सभोवती ऊस, पाटापलीकडे पपई. उसात बिबट्या राहतो. आम्ही त्याला वाघच म्हणतो. आमच्या आधीच्या कुत्र्याला त्याने ओट्यावरून नेलं. ते साखळीला बांधलेलं होतं, म्हणजे बिचाऱ्याला पळायचीही सोय नव्हती. सकाळी साखळी आणि तुटका पट्टा तेवढा पडलेला. नवरा म्हणाला, साखळी तरी राहिली. त्या वाक्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

मग मोलगीकडचं एक कुटुंब आमच्याकडे कामाला आलं होतं, त्यांच्या कुत्रीचं पिल्लू मी मागून घेतलं. तांबूस, एक कान पडलेला. नाव ठेवलं नाही. आधीच्याचं ठेवलं होतं, त्याचा काय उपयोग झाला? घरात घ्यायचं म्हटलं तर नवऱ्याचा नकार, घरात देव आहेत म्हणे. साखळीला मी बांधू देणार नव्हते. शेवटी म्हसावदच्या वेल्डिंगवाल्याकडून पिंजरा करून आणला. गज इतके जवळ की वाघाचा पंजा आत जाऊ नये. रात्री पिल्लू त्यात, पिंजरा ओट्यावर.

पहिल्या रात्री ते जे ओरडायला लागलं, विचारू नका. मला राहवलं नाही, मी उठून दार उघडलं. दुसऱ्या रात्री ते दुप्पट ओरडलं. रडलं की दार उघडतं, एवढं ते एका रात्रीत शिकलं होतं, आणि शिकवणारी मीच. नवरा म्हणे, वरून गोणपाट टाक म्हणजे वाघाला दिसणार नाही. दिसणार नाही, पण ऐकू तर येईल ना? भिंतीपलीकडून जेठाणीबाई सकाळी निरोप घेऊन आल्या, की यांची झोप झाली नाही, ते गप्प झालं पाहिजे, नाहीतर सोडून द्या. सोडून द्या म्हणजे वाघाला द्या.

इथे एक सांगायला हवं. जेठांशी मी बोलत नसे. आमच्याकडची रीतच तशी. भावजयीने जेठासमोर तोंड उघडायचं नाही. काय असेल ते नवऱ्यामार्फत नाहीतर जेठाणीमार्फत. एका विहिरीचं पाणी पिऊन इतकी वर्षं झाली, त्यांचा चहा किती गोड लागतो ते मला ठाऊक, पण त्यांना उद्देशून एक शब्द मी कधी काढला नव्हता. त्यामुळे त्या निरोपाचं उत्तर मी मनातल्या मनात दिलं आणि पिल्लाकडे वळले.

वासराला दाव्याची सवय लावतात तसं केलं. दिवसा पिंजऱ्याचं दार सताड उघडं. त्याची कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकर त्यातच. मी शेजारी बसून भाजी निवडायची. आत जाताना दर वेळी एकच शब्द, 'घरमा', म्हणजे घरात. ते खात असताना दार लावायचं आणि खाणं संपायच्या आत उघडायचं. मग जरा उशिरा. मग आणखी उशिरा. रडत असताना कधीही नाही. एक क्षण गप्प बसलं की लगेच. दार उघडलं तरी धाडकन बाहेर पडायचं नाही, मी 'ये' म्हटल्यावरच यायचं, कारण बाहेर अंधारात काय उभं असेल ते मला दिसायला हवं. झोपण्याआधी बॅटरी घेऊन अंगणात फिरवून आणायचं. आत माझं जुनं सुती लुगडं. सुरुवातीला मी खाट पिंजऱ्याला चिकटवून, गजातून हात घालून झोपत असे. मग खाट थोडी थोडी लांब सरकवली. पोळ्याच्या सुमाराला सुरू केलं ते दिवाळीपर्यंत चाललं. नवरा हसायचा. एवढे लाड पोरांचे केले नाहीत म्हणायचा. केले होते, पण तेव्हा हा पाणी भरायला शेतात असायचा, याला काय माहीत!

दिवाळीनंतर मात्र ते आपणहून आत जाऊन सकाळपर्यंत झोपू लागलं. आवाज नाही. जेठसुद्धा आपल्या बायकोला म्हणाले म्हणे, गुणी निघालं. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पुढे वाघाने जेठांचं वासरू नेलं. लगोलग धावपळ झाली आणि उसाच्या टोकाला वाघ धरायला वनखात्याचा एक मोठा पिंजरा येऊन बसला. मागच्या बाजूला सावजासाठी वेगळा कप्पा, मध्ये जाळी. पिंजरा घेऊन आलेल्या माणसाने बकरी लागेल म्हणून सांगितलं. बकऱ्या जेठांच्याच. पण बकरी रात्रभर घाबरली तर दूध आटेल ना! तेव्हा त्यांनी हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवलं.

मी म्हसावदच्या बाजाराला गेले होते. दिवेलागणीच्या आधी परत आले तर ओट्यावर पिंजऱ्याचं दार उघडं, लुगडं तसंच गोळा झालेलं. नवरा हातपंपाशी उगाचच हात धूत होता.

"दादा लई गयात त्याले," तो म्हणाला. "एक रातना सवाल शे. मधमा जाळी शे, काही व्हवाव नही."

काही होणार नाही. जाळीच्या पलीकडे वाघ बसणार, याच्या तोंडावर श्वास टाकणार, आणि याला काही होणार नाही! तळपायाची आग मस्तकात गेली. पिशवी तिथेच टाकली, भोपळे घरंगळत हातपंपापर्यंत गेले, आणि मी बांधावरून निघाले. मागून नवऱ्याच्या चपला वाजत होत्या. तो मला थांबवायला येत होता की सोबत करायला, त्याचं त्यालाही माहीत नसावं.

पिंजऱ्याभोवती जेठ, तो पिंजरेवाला आणि शेजारच्या मळ्यातले दोघं उभे होते. मागच्या कप्प्यात माझं पिल्लू पायांवर तोंड ठेवून बसलं होतं. त्याला ओढावं लागलं नव्हतं. जेठांनी भाकरीचा तुकडा आत टाकून 'घरमा' म्हटलं म्हणे, आणि ते आपणहून चालत आत गेलं. ओट्यावरचा माझा शब्द त्यांनी भिंतीपलीकडून रोज ऐकला होता.

आता अडचण एवढीच होती की सावज ओरडलं नाही तर वाघाला कळणार कसं? जेठांच्या हातात उसाचं टिपरू होतं.

"हाई ते रडस बी नही," ते म्हणाले, आणि टिपरू गजातून आत घालून त्याच्या बरगडीत टोचलं. पिल्लू अंग चोरून कोपऱ्याला सरकलं. आवाज केला नाही. त्यांनी पुन्हा टोचलं.

"मन्हं पिल्लू बाहेर काढा," मी म्हणाले. "बकरी तुमनी शे, ती बांधा."

सगळे माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघायला लागले. जेठांनी माझ्याशी बोलणं टाळून नवऱ्याकडे तोंड केलं. "इले सांग, घर जाय म्हना."

"माले सांगा," मी म्हणाले. "मी अठेच उभी शे."

त्यांचं तोंड नवऱ्याकडेच राहिलं. इतक्या वर्षांत त्यांनाही माझ्याशी बोलायची सवय नव्हती, शब्द कुठून आणणार? नवऱ्याने मात्र त्यांच्या हातातून टिपरू काढून घेतलं. आमच्या संसारात त्याने माझ्यासाठी भावासमोर केलेली ही पहिली गोष्ट, आणि तीही खाली मान घालून. पिंजरेवाल्याने कडी काढली. तो म्हणाला, मी बकरीच सांगितली होती.

दार उघडलं, पण पिल्लू बाहेर येईना. बरगडीत टोचून घेतलेलं, अंगभर कापणारं ते पोर माझ्या तोंडाकडे बघत बसलं होतं. मी 'ये' म्हणायची वाट बघत होतं. त्या क्षणी मला माझ्याच शिकवण्याची चीड आली. मी 'ये' म्हटलं तेव्हा ते आलं आणि माझ्या पायांत शिरलं. बकरी त्या संध्याकाळी मुकाट बांधली गेली.

घरी आल्यावर मी ओट्यावरचा पिंजरा ओढत आत नेला, देवांच्या समोरून, माझ्या खाटेपाशी. नवरा दुसऱ्या बाजूने धरू लागला. पण पिल्लू आता त्यात पाऊल ठेवीना. भाकर टाकली, लुगडं पसरलं, 'घरमा' म्हटलं. तो शब्द ऐकला मात्र, ते घराच्या दाराशी जाऊन पाय रोवून उभं राहिलं आणि मान वर करून रडायला लागलं. इतक्या महिन्यांचं सगळं साठलेलं एकदम बाहेर पडावं तसं रडत होतं. नवरा त्याला गप्प करायला उठला आणि माझ्याकडे बघून परत बसला.

थोड्या वेळाने जेठाणीबाई दारात आल्या. खाली बघतच म्हणाल्या, यांनी सांगितलंय की त्याला गप्प करा, झोप लागत नाही.

मी त्यांच्याजवळ उलट निरोप दिला नाही. पिल्लाला उचलून घेतलं, मधल्या भिंतीशी गेले आणि पलीकडे ऐकू जाईल अशा बेताने, सरळ त्यांनाच म्हणाले, "तुमले रडनारंच पाहिजे व्हतं ना, दादा? मंग आते आयका."