चिरुटाचे वरचे पान आणि आमची विहीर

मी आयुष्यात तीनच चिरूट ओढले, आणि प्रत्येक चिरुटापायी आमच्या आवारात एक खड्डा पडला.

ऐंशीच्या दशकातला तो उन्हाळा. मिठबावला आमच्या दारातच मुलीचे लग्न ठरले होते आणि घरात विहीर नव्हती. पाणी शेजारच्या परसातून येई. शेजाऱ्यांनी ‘लग्नापुरते तरी दुसरीकडे बघा’ असे अत्यंत गोड शब्दांत सुचवले. विहीर खणायची तर आधी जागा राखणाऱ्या देवाला, म्हणजे राखणदाराला, मान द्यायला हवा: नारळ, कोंबडा, बाटली आणि एक चिरूट. पण मी शिक्षक (हा व्यवसाय कमी, स्वभावदोष अधिक), त्यामुळे बाजारातला साधा चिरूट मला पटेना.

माझा मेहुणा बाळा बोटीवरून सुट्टीला आला होता. त्याच्या पेटीत तीन परदेशी चिरूट होते. त्याने समजावले की आतला तंबाखू तिन्हींचा सारखाच. चवीचे गुपित वर गुंडाळलेल्या पानात. फिकट पान कापडाच्या सावलीत वाढवलेले, सुक्या गवतासारखे सौम्य. तांबूस पान भर उन्हातले, मिरीसारखे झोंबणारे. काळपट पान महिनोन्‌महिने मुरवलेले. काकवीत कॉफी ढवळावी तसे. राखणदाराला यांतले कोणते रुचेल, या विचाराने मला बसवेना की उठवेना. शेवटी, गोड म्हणून, काळे निवडले.

गावाच्या वतीने देवाला साकडे घालणाऱ्या बाबी गावकरांनी गाऱ्हाणे घातले, विहिरीच्या गड्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटले, आणि मी चिरूट तसाच राखणदाराच्या दगडापुढे ठेवला. गावकरांनी मला अडवले:

“मास्तरांनू, न पेटवलेलो चिरूट देवाक कसो ठेवतलास? पेटवा.”

मी सुपारीही न खाणारा माणूस. चांगले जोरदार झुरके घेतले, आणि अज्ञानामुळे छातीपर्यंत ओढले. आधी कॉफी लागली, मग काकवी लागली. त्यानंतर आवारातले माड फिरू लागले. झोकांड्या खात मी गोठ्यापर्यंत गेलो आणि “पाणी, पाणी” म्हणत खाली बसलो.

माझा उद्देश तांब्याभर पाण्यापुरता होता. गडी मात्र हात जोडून उभे राहिले, आणि मी बसलो होतो तिथे खुंटी ठोकली गेली.

“गावकरांनू, माका घेरी इली हा.”

“घेरी तुमका इली. बोललो तो राखणदार.”

गोठ्याजवळ पुरुषभर खणल्यावर काळा कातळ लागला. मला वाटले, सुटलो. पण गावकरांनी बराच विचार करून निर्णय दिला की राखणदार चुकलेला नाही, पान चुकले! म्हणून तांबूस ओढला. मिरी नाकातून शिरून डोळ्यांवाटे बाहेर पडली, आणि मी आंधळ्यासारखा धावत जाऊन तुळशीपुढे कोसळलो. तिथेही खड्डा, तिथेही कातळ. लग्नाचा मांडव नेमका तिथेच पडायचा होता. बाळाला बोटीवर तातडीने परतण्याचे कारण सुचले. पत्नीने शांतपणे एवढेच म्हटले, “एक पान उरला हा ना? ता तरी मागीलदारी जावन वढा.”

फिकट पान खरोखरच सौम्य निघाले. सुके गवत, किंचित लोणी. वाईट इतकेच की दोन चिरुटांत मी सरावलो होतो. मला काहीच होईना. अर्धा चिरूट जळाला. गडी वाट पाहत होते, आणि मागच्या दारात मुलगी रिकामी कळशी घेऊन उभी होती.

वर्षानुवर्षे मुलांना सत्य शिकवणाऱ्या मी एक झोकांडी घेतली. ती जमली, म्हणून आणखी एक घेतली. केळींजवळ बसून “पाणी” म्हटले. स्पष्ट ऐकू जावे म्हणून पुन्हा म्हटले.

तिथे पाणी लागले. असे गोड आणि भरपूर, की लग्नात शेजारीसुद्धा मागून मागून प्याले.

जिथे मी खरोखर कोसळलो तिथे कातळ, आणि जिथे सोंग केले तिथे झरा. या हिशेबाने मला आजही चैन पडत नाही. हे सारे मी गावकरांना अनेकदा सांगून पाहिले. ते आदराने ऐकून घेतात आणि म्हणतात, “मास्तरांनू, तुमी कधी खोटा बोलनास नाय, म्हणान तर देवान तुमचा तोंड निवडल्यान.”

मग पश्चात्तापाने घसा कोरडा पडतो, आणि घरात पाणी त्याच विहिरीचे.