धवलारणीची हार्ड डिस्क

कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती, एवढ्यात दार ठोकलं गेलं. बेल असून दार बडवणाऱ्या एकच, शिरवण्याच्या गोजराबाई. बाई धवलारीण, म्हणजे आगरी लग्नात धवले, लग्नाची गाणी, गाऊन विधी लावणारी. बाईंची आईही धवलारीणच. ती गेल्या साली वारली. तिची गाणी मितेशनं आपल्या स्टुडिओत रेकॉर्ड केली होती, तेवढाच तिचा आवाज उरलाय.

बाईंनी पदराखालून हार्ड डिस्क काढली. "वयनी, आईची गानी ह्यात भरून घ्यायला गेलू, तं मितेशनं चोरी केलीन. त्याला कॉम्प्युटर तुमच्याच मालकानं लावून दिला ना? म्हनून तुमच्याकडंच आलू."

म्हणजे संशयितांत आम्हीही होतो!

यांनी मितेशच्या कॉम्प्युटरवर टाकलीय तीच लिनक्स सिस्टीम आमच्या लॅपटॉपवर आहे. मी डिस्क जोडली. बाईंनी वायरवरचा हात काढला नाही. पहिली गाणी वाजली. पुढची उघडेनात, नुसती नावं, आत काही नाही.

"चांगली तेवढी काढून घेतलीन!"

क्षणभर मलाही तसंच वाटलं. पण चोर नावं कशाला मागे ठेवील?

"बाई, मितेशच्या कॉम्प्युटरमधून डिस्क काढली कोणी?"

"मीच. तो बोलला, कॉपी झाली, चहा घ्या. कदी पानी न इचारनारा मानूस चहा पाजतो? आनि डिस्कची लाईट लुकलुकतेच हाय! म्हटलं, हा गानी उलटी ओढतोय. खेचली वायर. चार लोकांत शिव्या पन घातल्या."

मी आमचा उरणचा एक व्हिडिओ त्यांच्या डिस्कवर टाकला. 'झालं' असं दिसलं, तरी लाईट लुकलुकत होती. बाईंची बोटं वायरीवर आवळली.

"थांबा. पडद्यावर झालं दिसतं, पण डिस्कवर मागून उतरत असतं. आधी इथून 'बंद कर' सांगायचं."

मी क्लिक केलं. अजून लिहिणं चालू आहे, काढू नका, असा निरोप आला. जरा वेळानं दुसरा आला, आता काढा. मी बाईंचा तळहात डिस्कवर ठेवला. आतली घरघर थांबली, लाईट विझली.

"मंग मीच..." बाईंनी वायर सोडवली. डिस्क रुमालात बांधली, गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"मितेशकडं असतील अजून?"

"पुसली नसली तर असतील."

"वयनी, तो मना दारात उभी नाय करनार. तुमी चला माझ्यासंगं. आईची गानी परत एकदा भरून दे, येवढंच त्याला बोला."