वास न येणारी पाववाली

माझी मैत्रीण पाव भाजते. नवरा गेला तेव्हा सगळे म्हणाले, आता भट्टी विझव. ही दुसऱ्या दिवशी पहाटे मैदा मळत उभी. सगळी गल्ली तिला पाववाली म्हणते, मीही म्हणते. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे म्हणून ती मला मास्तरीण म्हणते. त्यात आदर शोधू नये.

गेल्या हिवाळ्यात तिला ताप आला आणि त्या तापानंतर तिला वास येईनासा झाला. हे फक्त मला ठाऊक होतं. रोज सकाळी फिरायला म्हणून निघायचं, तिच्या मागच्या दाराने शिरायचं, लोणी, दूध, खमीर हुंगून द्यायचं. भाजण्याची चिंता नव्हती. पाव उलटा करून बुडावर बोटाने ठोकायचा, पोकळ वाजला की झाला. तिच्या लेकाला मात्र कळू द्यायचं नव्हतं, कारण 'आई, पुरे आता, दुकान भाड्याने देऊ' हे त्याचं पालुपद सुरूच होतं. मुलगा वाईट नाही. आईला खुर्चीत बसवून अंगावर शाल घातली की आपलं कर्तव्य संपलं, असं मानणाऱ्यांतला आहे इतकंच.

खाद्यपेयांच्या प्रदर्शनाची तिकिटं त्यानेच आणली. भलामोठा हॉल, पायाखाली लाल जाजम, जिथे तिथे कागदी पेले आणि काडीला टोचलेले चीजचे तुकडे. आम्ही दोघींनी एकही टेबल सोडलं नाही.

"हे रबर आहे," एक तुकडा चघळत पाववाली म्हणाली.

"तुला कळतंय?" मी कुजबुजले.

"दातांना कळतंय."

पण चोराच्या मनात चांदणं. संशय नको म्हणून हल्ली तिला सवयच लागली होती, कुणी विचारायच्या आत वासाची तारीफ करायची. चहाच्या टेबलावर मातीचे पेले मांडलेले होते. हिने एक उचलून नाकाशी नेला, डोळे मिटले.

"वा! फुलांच्या बागेत उभं असल्यासारखं वाटतंय."

"आजी, ते नुसतं गरम पाणी आहे," टेबलामागची मुलगी म्हणाली. "पेला तापवायला ओतलंय."

आजूबाजूचे हसले. लेक हसला नाही.

"आई, तुला वास येत नाही?"

"अरे, तिला सर्दी..." मी सुरुवात केली.

"गप गं मास्तरीण. नाही येत. हिवाळ्यापासून."

"आणि तरी तू भट्टीशी उभी राहतेस? गॅस सुटला तर?"

प्रश्न रास्त होता. तिच्यापाशी उत्तर तयार होतं.

"गॅस सुटला की बोंबलणारा डबा मिळतो, भिंतीवर लावायचा. तो आणून लाव. तेवढं तरी कर."

"आणि गिऱ्हाइकांना कळलं तर? कुत्रं फिरकणार नाही. त्यापेक्षा उद्यापासून बंदच कर."

ती गर्रकन वळली. मघाशी हसलेले अजून तिथेच उभे होते.

"ऐका हो. मी चौकातली पाववाली. मला वास येत नाही. पाव होता तसाच आहे. शंका असेल त्याने उद्या येऊन खाऊन बघावा."

"आई, हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत की. त्यासाठीच बोलतेय."

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या दाराने गेले. लेक स्टुलावर चढून, तोंड फुगवून, तो बोंबलणारा डबा भिंतीला ठोकत होता. मी सगळ्यांदेखत काउंटरवर लोणी हुंगलं आणि ताजं आहे म्हणून सांगितलं. पहिला आला शिंपी. बातमी त्याच्या कानावर आधीच गेली होती.

"खरंच वास येत नाही?"

"नाही. तुला पाव हवाय की माझं नाक?"

त्याने पाव उचलला, नाकाला लावला आणि मेल्याने इतका वेळ हुंगला की मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

"नेहमीएवढे बांध," तो शेवटी म्हणाला.

रोज पाव नेणारी कोपऱ्यावरची डॉक्टरीण आली नाही. शाळेच्या खानावळीतूनही कुणी आलं नाही. लेक स्टुलावरून उतरला आणि फळीवरचे उरलेले पाव बघत राहिला.

"आता पुढचा मैदा कमी मळ," मी तिला म्हणाले.

"का म्हणून?" बाह्या सारत ती म्हणाली, आणि तिने न आलेल्यांचेही पाव भट्टीत सरकवले.