आधी दार बघा

वय पन्नाशीला टेकलं तरी तिला सगळे धाकटीच म्हणायचे. लग्न होऊन आली तेव्हा ती घरातली धाकटी सून होती, आणि एकदा चिकटलेलं नाव काय सहजासहजी निघतं होय? उभा जन्म तिने एका शाळेचे वर्ग झाडले, जिने पुसले. मग शाळेने साफसफाई कंत्राटदाराला देऊन टाकली आणि हिला नारळ दिला. आता ही घरी भिंतीकडे बघत बसणार, असं सगळ्यांना वाटलं. बघत होती खरी, पण लोकांच्या भिंतींकडे! कुणाच्या कुंपणावर काळं चढलंय, कुणाच्या पायऱ्या शेवाळाने हिरव्या झाल्यात, हेच तिला रस्त्याने जाताना दिसायचं. आणि एक दिवस बाईसाहेब गाड्या धुणाऱ्या गॅरेजवाल्याकडून जुनं प्रेशर मशीन घेऊन आल्या. पाण्याचा असा फवारा मारणारं, की वर्षानुवर्षांची घाण पापुद्र्यासारखी सुटावी.

"घरोघरी जाऊन अंगणं, पायऱ्या, भिंती धुणार," तिने जाहीर केलं.

नवरा बस चालवायचा. गरीब गाय. तो म्हणाला, "मग आधी माझी बस धू." त्याचा विरोध एवढाच.

खरी अडचण थोरल्या दिरांची होती. धाकटी राहायची तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. तिथे मशीन कुठे ठेवणार? ते ठेवलं दिरांच्या बंगल्यामागच्या शेडमध्ये. आणि दिरांचं होतं रंगाचं दुकान! भिंत मळली की रंग लावायचा, धुतात काय, असं त्यांचं साधंसरळ तत्त्वज्ञान.

"बाईमाणसाचं काम नाही हे," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "त्या नळीचा धक्का बसला तर उताणी पडशील. माझ्या दुकानात ये, डबे पुस, गल्ल्याजवळ स्टूल देतो बसायला."

झालं! धाकटीच्या नाकावर राग कायमचाच, तो आता डोक्यात गेला. "बघाच तुम्ही, भाऊजी," म्हणत तिने दिरांच्याच अंगणात मशीन ओढलं.

मशीनबरोबर नळीच्या तोंडाला लावायच्या दोन नोझल मिळाल्या होत्या. पांढरी लावली की पाणी केरसुणीसारखं पसरायचं. लाल लावली की सुईसारखी एकच धार, गंजलेलं लोखंड खरवडायला. गॅरेजवाल्याने बजावलं होतं, लाल फार जवळ नेऊ नकोस. पण दीर हाताची घडी घालून उभे, त्यांच्यामागे थोरली जाऊ पदराला हात पुसत उभी, आणि हिला दाखवायचा होता जोर! तिने लाल लावली. अंगणातली फरशी बघता बघता उजळली. उताणी पडणं राहिलं बाजूला, ती पाय रोवून उभी होती. तशी ती चेकाळली. "हेही करते," म्हणाली, आणि ती धार तिने पुढच्या दारावर वीतभर अंतरावरून फिरवली.

लाकूडच ते. सासऱ्यांनी हौसेने बसवून घेतलेलं, पॉलिश केलेलं दार. धारेने त्यावर वरपासून खालपर्यंत पांढऱ्या रेघा ओढल्या, तंतू उभे राहिले. तिने घाईघाईने मशीन बंद केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दिरांना राग आला असता तर बरं झालं असतं. ते हसले. "असू दे. दुरुस्त करायचं नाही. येणारा-जाणारा बघेल, मग तुला कोण काम देतं ते मीही बघतो. महिनाअखेर शेड रिकामी कर. नाहीतर मशीन भंगारात, आणि तू दुकानात."

घरी आल्यावर धाकटी रडली. हो, रडली. लपवायचं काय त्यात? नवऱ्याने चहा केला, तोही कडू. "विकून टाकू या का?" त्याने हळूच विचारलं. "मला विका आधी!" ती कडाडली, आणि तिथेच तिचं रडणं थांबलं.

पण काम कोण देणार? बातमी गल्लीभर पसरली होती. धाकटी दारोदार फिरली. कुणाला आत्ता वेळ नव्हता, कुणाकडे पाणी नव्हतं, कुणी नुसतंच हसलं.

अशात एके दुपारी थोरलीकडे शेजारची निवृत्त नर्स आली. जुनी मैत्रीण, जीभ धारदार. दाराशी थबकली. "अगं बाई! हे काय, वाघाने ओरबाडलं की काय?"

"आमच्या धाकटीचा पराक्रम!" दीर आतून आनंदाने ओरडले.

धाकटी शेडमध्ये पाइप गुंडाळत होती. एखादी मागच्या मागे पळाली असती. ही हात पुसत पुढे आली. "होय, मीच केलं. लाल नोझल लावली, वीतभर अंतरावरून मारली. लाकडाला पांढरी लावायची असते, तीही लांबून, आणि आधी कोपऱ्यात थोडं मारून बघायचं असतं. मला मिरवायचं होतं म्हणून मी यातलं काहीच केलं नाही."

"अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची!" दीर बाहेर आले. "स्वतःची फजिती अशी कुणी सांगतं?"

नर्सने रेघांवरून बोट फिरवलं. "मी आपली चूक सांगणारीच माणसं शोधते," ती म्हणाली. "माझ्या मागच्या पायऱ्यांवरून मी दोनदा घसरलेय. उद्या येतेस?"

धाकटी गेली. आधी नळ सोडला, मग मशीन. कोरडं चाललं तर पंप जळतो. पांढरी नोझल लावून कुंडीमागच्या कोपऱ्यात मारून बघितलं. हिरव्या शेवाळाखालून लालभडक फरशी निघाली. "ही लाल होती होय?" नर्स म्हणाली आणि त्याच पायरीवर बसकण मारून खदाखदा हसली.

त्या दिवसापासून धाकटीने एक नियमच केला. नवं गिऱ्हाईक आलं की त्याला आधी दिरांच्या दाराशी आणायची. "आधी दार बघा. हे मी केलंय. आता का होणार नाही ते सांगते." कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळलं, असं नात्यातल्या बायका म्हणाल्या. म्हणोत! एक बघून गेला की दुसऱ्याला सांगायचा, दुसरा तिसऱ्याला.

दिरांची मात्र पंचाईत. ज्या दाराने हिची जिरवायची, त्याच दाराशी हिची गिऱ्हाइकं! महिनाअखेरीला त्यांनी सुतार बोलावला. "रंधा मारून सगळं सपाट कर. आणि ते मशीनही आज शेडमधून काढा."

सुताराने रंधा उचलला. धाकटी पुढे होणार तोच, आजवर नवऱ्यापुढे चकार शब्द न काढलेली थोरली स्वयंपाकघरातून आली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"रंधा लावायचा नाही."

"अगं, काय हे? लोक काय म्हणतील?"

"लोक बघून जातात आणि धाकटीला काम देतात. दार रोज मी उघडते, मी लावते. तुम्हाला बघवत नसेल तर मागच्या दाराने या. आणि मशीन शेडमध्येच राहील."

सुताराने गुपचूप रंधा पिशवीत टाकला. धाकटीने जावेचा हात धरला.

दीरही हट्टी. त्या संध्याकाळी ते खरंच मागच्या दाराने आले. पण तिकडच्या पायऱ्यांवर शेवाळ फार. उगाच म्हातारपणी पाय मोडून घेतील, म्हणून दुसऱ्या दिवशी धाकटीने त्या पायऱ्या आधी धुतल्या. पांढऱ्या नोझलने, लांबून.