मडगार्डवरचा हात

इंजिन सुरू करण्याआधी ते म्हातारे मेकॅनिक कानातलं ऐकण्याचं यंत्र काढून डगल्याच्या खिशात ठेवायचे. स्टुटगार्टमधल्या आमच्या चढाच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं. जुन्या अमेरिकन गाड्यांची आठ सिलिंडरची इंजिनं ट्यून करून घ्यायला लोक लांबून यायचे. चाळीस वर्षांत त्याच इंजिनांनी त्यांचे कान घालवले होते.

मी ऑफिसात लॅपटॉपवर इंजिनं ट्यून करणारा. एका शनिवारी मोठ्या ऐटीत इंजिनाची हवेची ओढ मोजणारं माझं व्हॅक्यूम मीटर घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ते लावू दिलं, पण त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डावा तळहात मडगार्डवर टेकवला, डोळे मिटले आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू जेमतेम केसभर फिरवला. मीटरचा थरथरणारा काटा जागच्या जागी स्थिर झाला; इंजिन एका लयीत चालू लागलं होतं. मी चकित होऊन काट्याकडे बोट दाखवलं.

"तो तुमच्यासाठी आहे," ते हसून म्हणाले. मग जरा संकोचून विचारलं, "मला एवढंच सांगा, आवाज कसा येतोय?"

मला डेसिबल आठवले, हर्ट्झ आठवले, पण धड एक शब्द सुचेना. आणि सुचला तरी त्यांना ऐकू कुठे येणार होता? शेवटी त्यांच्या हाताशेजारी, त्याच मडगार्डवर, मी इंजिनाच्या तालावर पखवाजाचा ठेका धरला. शाळेत असताना शिकलेला, नंतर कधीच न वाजवलेला.

त्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि तळहात मडगार्डवर घट्ट दाबला.

"गेनाऊ," ते जर्मनमध्ये म्हणाले, बरोबर, "अगदी अस्साच यायचा."