कागद विसरलेले शिंपीकाका

बायको गेली, दुकान सुटलं, तेव्हा शिंपीकाकांच्या घरात उरली फक्त म्हातारी कुत्री. रस्त्यावरची तिची घाण ते लगेच कागदात उचलायचे. बोट ठेवायला जागाच नव्हती, म्हणून त्यांच्याशी कुणी बोलायचंही नाही.

एकदा कागद खरंच घरी राहिला. कोपऱ्यावरच्या बाई तरातरा बाहेर आल्या. “काका, तुम्हीसुद्धा?” म्हणत त्यांनी काकांना चांगलंच फैलावर घेतलं. काका शीळ घालत घरी आले!

दुसऱ्या दिवशी कागद खिशात असूनही त्यांनी काढला नाही, मुद्दाम रेंगाळले. बाई पुन्हा ओरडल्या.

तिसऱ्या दिवशी बाईंच्या फाटकाला काकांसाठी रद्दीचा गठ्ठा टांगलेला होता आणि दार बंद होतं. काकांनी एक कागद ओढला, वाकून घाण उचलली.

“चल गं,” ते कुत्रीला म्हणाले, “आता कुणी रागावणार नाही.”